औषध लागू पडलं, त्याला मालक मिळेना: एडीए-स्किडवरच्या जनुकोपचाराचं प्रकरण

मे २०२१ मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये एका जनुकोपचाराचे निकाल छापून आले. अमेरिका आणि ब्रिटनमधली मिळून ५० मुलं, सगळी एडीए-स्किड या आजारामुळे जन्मतःच प्रतिकारशक्ती नसलेली. उपचारानंतर दोन ते तीन वर्षांनी पन्नासच्या पन्नास हयात होती. त्यांतल्या ४८ मुलांच्या अंगात दुरुस्त केलेल्या पेशी रुजल्या होत्या आणि त्यांना पुन्हा एन्झाइमची इंजेक्शनं सुरू करावी लागली नव्हती. उरलेल्या दोघांत पेशी रुजल्या नाहीत. ती दोघं जुन्या उपचारांकडे परतली, पण तीही सुखरूप होती. दुर्मीळ आजारांच्या चाचण्यांत इतके स्वच्छ आकडे सहसा दिसत नाहीत.

लेख छापून आला तेव्हा मात्र या औषधाचे हक्क ज्या कंपनीकडे होते, तिने त्यावरचा खर्च आखडता घेऊन वर्ष झालं होतं. चाचणी फसली नव्हती, या औषधाने कुणाला इजा झाली नव्हती आणि औषध प्रशासनाने अर्ज फेटाळलेलाही नव्हता. उलट अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे तिथल्या औषध प्रशासनाने, याला आधीच ‘ब्रेकथ्रू’ हा प्राधान्याचा दर्जा दिला होता. तरी गाडी अडली. ती का अडली आणि पुढे काय झालं, हे नीट पाहण्यासारखं आहे, कारण जन्मजात प्रतिकारदोषांवरचे बहुतेक जनुकोपचार आज ना उद्या याच वळणावर येणार आहेत.

आजार

एडीए, म्हणजे अ‍ॅडिनोसिन डीअमायनेज, हे पेशींतला कचरा निस्तरणारं एन्झाइम. त्याचं जनुक २० व्या गुणसूत्रावर असतं. आई आणि वडील दोघांकडूनही बिघडलेली प्रत आली की हे एन्झाइम तयारच होत नाही. मग डीऑक्सिअ‍ॅडिनोसिन साठत जातं आणि त्यापासून बनणारा पदार्थ लिम्फोसाइट या प्रतिकारशक्तीच्या पेशींना विषासारखा मारतो. टी पेशी, बी पेशी, एनके पेशी, तिन्ही फळ्या कोसळतात. बाळ जन्मताना धडधाकट दिसतं. काही आठवड्यांत तोंडात बुरशी, न थांबणारे जुलाब, न हटणारा न्यूमोनिया सुरू होतो. उपचार मिळाले नाहीत तर बहुतेक बाळं पहिली-दुसरी वर्षगाठ पाहत नाहीत. स्किड या नावाखाली मोडणाऱ्या गंभीर प्रतिकारदोषांपैकी साधारण १० ते १५ टक्के प्रकरणं या एका एन्झाइमची.

गंमत म्हणजे हा शोध लागला तो योगायोगाने. १९७२ मध्ये सिअ‍ॅटलच्या एलोइज गिब्लेट यांच्याकडे अस्थिमज्जा प्रत्यारोपणाआधी गट जुळवण्यासाठी एका मुलीच्या रक्ताचा नमुना आला. रक्तपेशींतल्या खुणा तपासताना एडीएची खूण कुठेच सापडेना. प्रतिकारदोषामागे नेमका कोणता रेणू हरवला आहे, हे पहिल्यांदा कळलं ते असं.

प्रमाण किती? दोन लाखांत एक ते दहा लाखांत एक, असा अंदाज दिला जातो. हा आकडा लक्षात ठेवा. पुढचं सगळं त्याच्याभोवती फिरतं.

जुने पर्याय आणि त्यांची मर्यादा

पहिला पर्याय दात्याकडून अस्थिमज्जा. सख्ख्या भावंडाशी पूर्ण जुळणी असेल तर उत्तमच. १०६ मुलांवरच्या प्रत्यारोपणांचा आढावा २०१२ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात जुळणारं भावंड दाता असताना ८६ टक्के मुलं वाचली होती, जुळणारा परका दाता असताना ६६ टक्के, आणि अर्धी जुळणी असलेल्या आई किंवा वडिलांच्या पेशी दिल्या तेव्हा फक्त ४३ टक्के. पूर्ण जुळणारं भावंड बहुतेक मुलांना नसतंच.

दुसरा पर्याय बाहेरून एन्झाइम देणं. गायीच्या एन्झाइमला पॉलिएथिलीन ग्लायकॉलचं वेष्टन चढवून बनवलेलं पेग-एडीए १९९० मध्ये मंजूर झालं, आणि जैवतंत्रज्ञानाने बनवलेली त्याची नवी आवृत्ती २०१८ मध्ये आली. आठवड्याला एक किंवा दोन इंजेक्शनं, स्नायूत. जीव वाचतो, विष उतरतं, काही काळ लिम्फोसाइटही वाढतात. पण बऱ्याच मुलांत काही वर्षांनी ही वाढ ओसरू लागते. आकडे घसरतात आणि वर इम्युनोग्लोब्युलिनही, म्हणजे दात्यांच्या रक्तातली प्रतिपिंडंही, चालू ठेवावी लागतात. खर्च वर्षाला काही लाख डॉलर, आणि तो दरवर्षी. हे इंजेक्शन म्हणजे पूल आहे, मुक्काम नव्हे, असं या क्षेत्रातले डॉक्टर मानतात. पुढे मात्र या पुलावरच मुलांना ताटकळत ठेवण्याची वेळ आली.

तीस वर्षांची पूर्वतयारी

१४ सप्टेंबर १९९० रोजी अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेत चार वर्षांच्या एका मुलीला तिच्याच टी पेशी जनुक घालून परत दिल्या. माणसावरचा हा पहिला मंजूर जनुकोपचार, आणि तोही याच आजारावर. त्या पेशी पुढे कित्येक वर्षं टिकल्या. पण एन्झाइमची इंजेक्शनं चालूच असल्यामुळे श्रेय नक्की कोणाचं, हे सांगता येईना. शिवाय टी पेशी म्हणजे फांदी. फांदी दुरुस्त केली तरी झाडाला येणारी नवी पालवी रोगटच राहते.

मुळाशी जायचं तर रक्ताच्या मूळ पेशी हव्यात, ज्यांच्या पृष्ठभागावर सीडी३४ ही खूण असते. १९९३ मध्ये डोनाल्ड कोन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तीन नवजात बाळांच्या नाळेच्या रक्तातून या पेशी काढल्या, त्यांत जनुक घातलं आणि परत दिल्या. पेशी टिकल्या, पण दुरुस्त पेशींचं प्रमाण अगदीच थोडं राहिलं.

हे कोडं मिलानच्या गटाने सोडवलं. २००२ मध्ये अलेस्सांद्रो आयुती आणि सहकाऱ्यांनी दोन मुलांचे निकाल प्रसिद्ध केले. त्यांनी दोन गोष्टी बदलल्या होत्या. पेशी देण्याआधी बुसल्फान या औषधाचा हलका डोस देऊन मज्जेत जागा मोकळी केली. आणि मुलांना पेग-एडीए दिलंच नाही. दुसरा बदल वरवर उलटा वाटतो. पण बाहेरून एन्झाइम मिळत असेल तर रोगट पेशीही जगतात आणि दुरुस्त पेशींना त्यांच्यावर मात करायचं कारणच उरत नाही. एन्झाइम काढून घेतलं की विषारी वातावरणात फक्त दुरुस्त पेशी तगतात आणि रान आपोआप त्यांच्या ताब्यात येतं. आजच्या पद्धतीतही पेशी दिल्यानंतर महिन्याभरात एन्झाइम थांबवतात, ते याचसाठी.

याच सुमाराला पॅरिसमध्ये मोठा धक्का बसला. तिथे आलँ फिशर आणि मारिना कावाझाना-काल्वो यांच्या गटाने एक्स गुणसूत्राशी जोडलेल्या स्किडवर १९९९ पासून उपचार सुरू केले होते. २००० साली त्यांचे निकाल आले तेव्हा जगभर आनंद झाला. २००२ पासून मात्र त्यांतल्या मुलांना ल्युकेमिया, म्हणजे रक्ताचा कर्करोग, होऊ लागला: पॅरिसच्या दहा मुलांपैकी चौघांना, लंडनच्या दहांपैकी एकाला. पाचांपैकी चार जण उपचारांनी सावरले, एक दगावला. कारण सापडलं ते असं: जनुक वाहून नेणारा गॅमारेट्रोव्हायरस गुणसूत्रात कुठेही घुसतो आणि त्याच्या टोकांना जोरदार चालकखंड, म्हणजे जनुकं चालू करणारे तुकडे, असतात. तो एलएमओ२ या जनुकाशेजारी घुसला की ते झोपलेलं जनुक जागं होतं आणि पेशी बेलगाम वाढू लागते. पुढे विस्कॉट-अल्ड्रिच या दुसऱ्या जन्मजात प्रतिकारदोषाच्या जर्मन चाचणीत तर नऊपैकी सात मुलांना ल्युकेमिया झाला.

एडीएच्या मुलांत त्याच जातीचा व्हेक्टर, म्हणजे जनुक वाहून नेणारा विषाणू, वापरूनही असं दीर्घकाळ घडलं नाही. यामागचं जे स्पष्टीकरण दिलं जातं ते मला पटतं. एक्स-स्किडमध्ये घातलेलं जनुक स्वतःच पेशीला वाढीचा इशारा देणारं आहे, त्यामुळे एलएमओ२ ला जोडीदार मिळतो. एडीए बिचारं सफाई कामगार. त्याच्याकडून वाढीला चिथावणी नाही. पण सुरक्षिततेची ही भिंत अभेद्य नव्हती, हे पुढे दिसलंच.

पॅरिसच्या धक्क्यातून व्हेक्टर बदलले. एचआयव्हीच्या कुळातला लेन्टिव्हायरस घेऊन त्याच्या टोकांतले चालकखंड कापून टाकले, आणि आतमध्ये माणसाच्याच एका जनुकातला सौम्य चालकखंड बसवला. कोन यांचा लॉस एंजेलिसच्या यूसीएलए विद्यापीठातला गट आणि लंडनच्या ग्रेट ऑर्मंड स्ट्रीट रुग्णालयातला गट यांनी असा व्हेक्टर घेऊन २०१२ पासून मुलांवर उपचार सुरू केले. २०२१ चे आकडे त्यांचे.

उपचार प्रत्यक्षात कसा दिसतो

बाहेरून पाहणाऱ्याला यात बघण्यासारखं फारसं नसतं. मुलाला भूल देऊन कमरेच्या हाडातून मज्जा काढतात, किंवा औषध देऊन मूळ पेशी रक्तात उतरवतात आणि यंत्रातून गोळा करतात. प्रयोगशाळेत सीडी३४ ला चिकटणारे चुंबकीय मणी मिसळून हव्या त्या पेशी चुंबकाने वेगळ्या काढायच्या. दोन-तीन दिवस वाढीच्या द्रवात ठेवायच्या, व्हेक्टर मिसळायचा. मग तपासण्या: जंतू आहेत का, पेशी जिवंत किती, प्रत्येक पेशीत जनुकाच्या सरासरी किती प्रती गेल्या. नव्या पद्धतीत हे सगळं झाल्यावर पेशी द्रवरूप नायट्रोजनच्या वाफेत गोठवून ठेवता येतात. म्हणजे तपासण्यांचे निकाल हातात आल्यावरच मुलाला बुसल्फान द्यायचं.

पेशी देण्याचा दिवस अपेक्षेपेक्षा साधा असतो. छोटी पिशवी कोमट पाण्यात वितळवतात, छातीतल्या नळीतून ती काही मिनिटांत आत जाते. पेशी गोठताना फुटू नयेत म्हणून घातलेल्या द्रावणामुळे खोलीत लसणासारखा वास पसरतो आणि मुलाच्या श्वासाला तो दिवसभर येत राहतो. बस्स. मग वाट पाहणं. पांढऱ्या पेशी खाली जातात, वर येतात. टी पेशी रक्तात दिसायला काही महिने लागतात, कारण त्यांना छातीतल्या थायमस या ग्रंथीमधून शिकून बाहेर यावं लागतं. बी पेशींचं काम उशिरा मार्गी लागतं. इम्युनोग्लोब्युलिन बंद करून मुलाला लस देता आली की डॉक्टर हुश्श करतात.

गोठवण्याचा हा तपशील किरकोळ वाटेल, पण प्रकरणात तो फार महत्त्वाचा आहे. मिलानच्या गटाचा जुन्या व्हेक्टरचा उपचार ‘स्ट्रिमव्हेलिस’ या नावाने २०१६ मध्ये युरोपात मंजूर झाला. मुलांच्या आजारावर मंजुरी मिळालेला, मूळ पेशींवर आधारित असा तो पहिला जनुकोपचार. पण त्या पेशी गोठवता येत नसत. तयार झाल्यापासून त्या वापरायला फक्त सहा तास मिळत. त्यामुळे युरोपातल्या कुठल्याही मुलाला उपचार हवा असेल तर मिलानलाच जावं लागे. किंमत ५,९४,००० युरो, आणि गुण आला नाही तर पैसे परत अशी अट. पहिल्या काही वर्षांत परवान्याखाली मोजक्याच मुलांनी तो घेतला. मंजूर औषध आहे, किंमत ठरली आहे, रुग्ण आहेत, तरी उलाढाल नाही, हा पहिला इशारा होता.

मे २०२०

स्ट्रिमव्हेलिस जीएसके या कंपनीचं होतं. २०१८ मध्ये तिने दुर्मीळ आजारांचा सगळा जनुकोपचार विभाग लंडनच्या ऑर्चर्ड थेरप्युटिक्सला देऊन टाकला. लेन्टिव्हायरसच्या एडीए उपचाराचे हक्क ऑर्चर्डकडे आधीपासून होते. म्हणजे एकाच आजारावरचे दोन जनुकोपचार एका छपराखाली आले. शिवाय विस्कॉट-अल्ड्रिच, क्रॉनिक ग्रॅन्युलोमॅटस आजार हा आणखी एक प्रतिकारदोष, आणि एमएलडी या मेंदूच्या आजारावरचा उपचारही त्याच टोपलीत.

मे २०२० मध्ये ऑर्चर्डने कर्मचारी सुमारे चतुर्थांशाने कमी केले आणि प्राधान्यक्रम बदलला. एमएलडी वर गेलं, एडीए खाली. ऑक्टोबरमध्ये आणखी एक बातमी आली: २०१६ मध्ये स्ट्रिमव्हेलिस मिळालेल्या एका मुलाला टी पेशींचा ल्युकेमिया झाला होता. हे जुन्या व्हेक्टरचं प्रकरण; लेन्टिव्हायरसच्या मुलांत असं काही दिसलेलं नव्हतं. पण एका छपराखाली असलेल्या दोन औषधांपैकी एकावर डाग पडला की दुसऱ्यावर शिंतोडे उडतातच. मार्च २०२२ मध्ये कंपनीने प्रतिकारदोषांवरच्या उपचारांतली गुंतवणूक थांबवत असल्याचं जाहीर केलं. त्यात स्ट्रिमव्हेलिस होतं, विस्कॉट-अल्ड्रिचचा उपचारही होता. लेन्टिव्हायरसच्या एडीए उपचाराचे हक्कही यूसीएलए विद्यापीठाकडे परत गेले.

या टप्प्यावर कंपनीला खलनायक ठरवणं सोपं आहे. अनेकांनी तसं केलंही. मला ते अपुरं वाटतं. हिशेब मांडून बघा. अमेरिकेत वर्षाला साधारण ३६ लाख बाळं जन्मतात. दोन लाखांत एक ते दहा लाखांत एक या दराने एडीएची चार ते अठरा. त्यांतल्या काहींना जुळणारं भावंड मिळतं, काहींचे पालक एन्झाइमवरच थांबतात. उरलेल्यांसाठी व्हेक्टरच्या शुद्ध साठ्याचा कारखाना, पेशींवर प्रक्रिया करणारी प्रयोगशाळा, एकसारख्या तुकड्या सलग काढून दाखवण्याचं बंधन, औषधाचा जोर मोजणारी सिद्ध चाचणी, आणि प्रत्येक मुलावर १५ वर्षं लक्ष ठेवण्याची जबाबदारी, हा सगळा डोलारा वर्षभर उभा ठेवायचा. चार मुलं आली तरी तोच खर्च, चाळीस आली तरी जवळजवळ तोच.

आणि एमएलडीच का टिकलं? तोही दुर्मीळच आजार. पण त्याला दुसरा पर्याय नाही. लक्षणं दिसण्याआधी उपचार झाला नाही तर मूल बोलणं-चालणं गमावतं. पर्याय नसला की किंमत मागता येते: अमेरिकेत मार्च २०२४ मध्ये तो उपचार मंजूर झाला तेव्हा त्याची किंमत ४२.५ लाख डॉलर ठेवली गेली. एडीएच्या मुलाला मात्र प्रत्यारोपण आहे, एन्झाइम आहे. विमा कंपनी विचारणारच, ‘मग घाई काय?’ जिवंत ठेवणारा मध्यम उपचार हाताशी असणं हेच चांगल्या उपचाराच्या मुळावर आलं. माझ्या मते या प्रकरणाचा गाभा इथे आहे. आजार फार दुर्मीळ होता म्हणून औषध अडलं, हे अर्धं खरं. तो पुरेसा असहाय नव्हता म्हणूनही अडलं.

दुसरी बाजूही मांडायला हवी. चाचणीचा मोठा भार सार्वजनिक पैशाने उचलला होता. अमेरिकेची राष्ट्रीय आरोग्य संस्था आणि कॅलिफोर्नियाची मूळ पेशी संशोधनासाठीची सरकारी संस्था यांनी निधी दिला होता. असा पैसा लागलेलं औषध एकाच कंपनीच्या ताळेबंदावर टांगून ठेवायचं, तर परवाना देतानाच ‘काम थांबवलंत तर किती दिवसांत, कुठल्या कागदपत्रांसह, किती व्हेक्टरसह परत द्यायचं’ हे काळ्यावर पांढरं असावं. हक्क परत मिळाले म्हणजे औषध परत मिळालं, असं नसतं. प्रक्रियेचे दप्तर, तपासण्यांच्या पद्धती, गोठवलेला साठा, ते सगळं हाताळलेली माणसं हे सगळं मिळून औषध होतं.

मधल्या काळात मुलं

या वर्षांत मुलं एन्झाइमवर राहिली. आठवड्याच्या इंजेक्शनांवर, गर्दी टाळत, सर्दी झालेल्या नातेवाइकाला दारातूनच परत पाठवत. यातली कळ कुठल्याच तक्त्यात येत नाही, पण वैद्यकीय किंमतही होती. वय वाढतं तसा थायमस आक्रसतो आणि नव्या टी पेशी घडवायची त्याची ताकद कमी होते. मज्जेतल्या मूळ पेशीही बाळाच्या मानाने कमी मिळतात. म्हणजे थांबलेलं मूल नुसतं थांबत नाही, त्याची उपचारासाठीची पात्रता हळूहळू उतरत जाते.

यात एक विरोधाभासही होता. नवजात बाळांच्या टाचेतल्या रक्ताच्या थेंबातून स्किड ओळखण्याची तपासणी अमेरिकेत २००८ मध्ये विस्कॉन्सिनपासून सुरू झाली आणि २०१८ अखेर सगळ्या राज्यांत पोहोचली. निदान पहिल्या काही आठवड्यांत होऊ लागलं. उपचारासाठी सर्वांत योग्य वयात बाळं हाती येऊ लागली, आणि नेमका त्याच वेळी उपचाराचा दरवाजा बंद झाला.

कोणी उचललं

दोन वाटा निघाल्या, आणि दोन्ही नफ्याच्या नेहमीच्या गणिताबाहेरच्या.

पहिली इटलीतून. फोंदाझिओने टेलेथॉन ही तिथली धर्मादाय संस्था. मिलानची मूळ प्रयोगशाळा तिच्याच पाठबळावर उभी. २०२३ मध्ये तिने स्ट्रिमव्हेलिसचा परवाना स्वतःच्या नावावर घेतला. एखाद्या धर्मादाय संस्थेने मंजूर जनुकोपचाराचं पालकत्व घेणं याआधी झालेलं नव्हतं. मग ऑर्चर्डने सोडलेला विस्कॉट-अल्ड्रिचचा उपचारही तिने पुढे नेला. डिसेंबर २०२५ मध्ये एफडीएने तो ‘वास्कायरा’ या नावाने मंजूर केला, अर्जदार टेलेथॉन. जे काम बाजारात उभं असलेल्या कंपनीने परवडत नाही म्हणून टाकलं, ते देणग्यांवर चालणाऱ्या संस्थेने तडीस नेलं. यावरून टाळ्या वाजवताना एक लक्षात ठेवावं: टेलेथॉनकडे तीस वर्षांचं संशोधन, रुग्णालय आणि माणसं आधीच होती. प्रत्येक आजाराला अशी संस्था मिळणार नाही.

दुसरी वाट कोन यांच्याच प्रयोगशाळेतून. एडीएचा उपचार परवान्यापर्यंत नेण्यासाठी तिथूनच रॅरिटी नावाची छोटी कंपनी निघाली; कायद्याने ती सार्वजनिक हिताची कंपनी आहे, म्हणजे भागधारकांच्या नफ्याबरोबर जाहीर केलेलं सामाजिक उद्दिष्टही तिला बांधील ठेवतं. असं उपकरण पुरेसं आहे का, हे ठरायचं आहे. अमेरिकेत दुर्मीळ बालरोगांवरच्या मंजुरीबरोबर मिळणारं प्राधान्य व्हाउचर, म्हणजे दुसऱ्या एखाद्या औषधाचा अर्ज लवकर तपासून घेण्याची मुभा, दुसऱ्या कंपनीला विकता येतं आणि त्याला सुमारे दहा कोटी डॉलर मिळालेले आहेत. चार-अठरा मुलांच्या आजाराचं गणित जमवायला तेवढी रक्कम पुरे. पण ती योजना ठरावीक मुदतीची असते. अमेरिकी संसदेने वाढवली तर चालते, नाहीतर बंद. एवढ्या नाजूक आधारावर कारखाना उभा करायला गुंतवणूकदार का तयार होईल, असं मला राहून राहून वाटतं.

लंडनच्या ग्रेट ऑर्मंड स्ट्रीटमधल्या क्लेअर बूथ आणि सहकाऱ्यांनी तिसरा मुद्दा लावून धरला आहे: दर आजारासाठी पहिल्यापासून सगळे कागद का करायचे? व्हेक्टरचा सांगाडा तोच, पेशींची प्रक्रिया तीच, फक्त आतलं जनुक वेगळं. मग सांगाड्याला एकदा मान्यता देऊन जनुक बदललं की तेवढ्यापुरती तपासणी व्हावी. प्रतिकारदोषांची ज्ञात जनुकं आता साडेचारशेच्या पुढे गेली आहेत आणि बहुतेकांचे रुग्ण एडीएपेक्षाही कमी आहेत. म्हणून या तीन प्रयत्नांपैकी मला हाच सर्वांत दूरचा पल्ला गाठणारा वाटतो. रॅरिटीने एडीएचा प्रश्न सोडवला तरी तो एडीएपुरताच सुटेल.

२०२५ चे आकडे

ऑक्टोबर २०२५ मध्ये त्याच नियतकालिकात दीर्घ पाठपुरावा छापून आला. २०१२ ते २०१९ या काळात उपचार मिळालेली ६२ मुलं, मध्यक पाठपुरावा साडेसात वर्षं. सगळी हयात. ५९ जणांत उपचार टिकून. तिघांत तो लागला नाही आणि त्यांना दुसऱ्या उपचारांकडे वळावं लागलं, पण हे अपयश सुरुवातीलाच दिसलं. एकदा पेशी रुजल्या की पुढे त्या ओसरल्या नाहीत. व्हेक्टरमुळे ल्युकेमिया एकालाही नाही. ताज्या आणि गोठवलेल्या पेशींच्या निकालांत फरक नाही, म्हणजे मिलानच्या सहा तासांची अडचण या उपचाराला नाही. पेशी एका शहरात बनवून दुसऱ्या शहरातल्या रुग्णालयात देता येतील.

हे आकडे आले तेव्हाही औषधाला परवाना नव्हता.

आता अडचण विज्ञानाची कमी आणि सिद्धतेची जास्त आहे. ६२ मुलांना मिळालेल्या पेशी ज्या व्हेक्टरने, ज्या जागी, ज्या हातांनी बनल्या, ते सगळं आज तसंच उपलब्ध नाही. नव्या कारखान्यातला व्हेक्टर आणि नव्या प्रयोगशाळेतल्या पेशी जुन्यांच्या तोडीच्या आहेत, हे प्रशासनाला दाखवून द्यावं लागतं. पेशींत जनुकाच्या किती प्रती गेल्या, एडीए किती तयार होतं, हे मोजता येतं; पण या मोजमापांवरून मुलाच्या अंगात पेशी रुजतीलच असं छातीठोकपणे सांगता येत नाही. जुळणी पुरेशी नाही असं ठरलं तर नव्या मुलांवर नवी चाचणी करावी लागेल, आणि तेवढी मुलं जमायलाच काही वर्षं जातील.

शिवाय पाठपुराव्याची जबाबदारी आहेच. २०१२ मध्ये उपचार झालेल्या मुलांची पंधरा वर्षं २०२७ मध्ये भरतील, २०१९ च्या मुलांची २०३४ मध्ये. तोवर ठरलेल्या वेळापत्रकाने त्यांचं रक्त काढून व्हेक्टर कुठे कुठे बसला आहे आणि एखाद्या पेशीचा वंश इतरांना मागे टाकून वाढतोय का, हे कोणीतरी तपासत राहायचं आहे. आजवर हे काम रुग्णालयांनी आणि संशोधकांनी केलं आहे, तेही संशोधनाच्या अनुदानातून, जे दर काही वर्षांनी नव्याने मागावं लागतं.